‘हाकलले’ या एका शब्दात किती शिक्षा दडल्या?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडवर आपल्या पुरवणीत जो लेख आला, त्यातल्या दोन वाक्यांसाठी हे पत्र लिहीत आहोत. सरप्लिस (उपासनेच्या वेळचा पांढरा अंगरखा) घालायला नकार देणाऱ्या प्युरिटन पाद्र्यांचे चर्चने कान कापले, असे एक वाक्य. बिशपांनी शेकडो पाद्र्यांना रातोरात हाकलले, असे दुसरे. पहिले साफ चूक आहे. दुसऱ्यातले ‘हाकलले’ हे क्रियापद इतके ढोबळ आहे की त्याच्या पोटात पाच-सहा वेगवेगळ्या कारवाया गडप होतात, आणि त्यातल्या प्रत्येकीचा पाद्र्याच्या घरादारावर होणारा परिणाम निराळा असे.

कान कापल्याची गाजलेली घटना १६३७ची. विल्यम प्रिन, जॉन बॅस्टविक आणि हेन्री बर्टन या तिघांना ती शिक्षा झाली, पण ती दिली स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयाने, आणि गुन्हा होता बिशपांविरुद्ध पत्रके छापल्याचा. प्रिन वकील होता, बॅस्टविक वैद्य. तिघांत पाद्री एकटा बर्टन. चर्चच्या न्यायालयांना रक्त सांडणारी शिक्षा देण्याचा अधिकारच नव्हता. पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पाद्र्यावर झालेल्या कारवाईचा इतिहास सांगताना हे चित्र डोळ्यांपुढे आणले, तर प्रत्यक्षात जे घडत होते ते दिसेनासे होते. ते कागदावर, तारखांनी आणि ताकिदींनी घडत होते.

प्युरिटन पाद्री चर्च सोडून गेलेला माणूस नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे. तो इंग्लंडच्या चर्चचाच दीक्षित सेवक. दशांश (गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा), राहायचे घर, कसायची जमीन, सगळे त्याला त्या चर्चकडूनच मिळालेले. त्याचा आक्षेप ठरावीक गोष्टींना असे: बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या कपाळावर काढायची क्रुसाची खूण, लग्नातली अंगठी, प्रभुभोजन गुडघे टेकून घेणे, येशूचे नाव येताच मान लववणे. आणि सगळ्यांत जास्त सरप्लिसला, म्हणजे झग्यावरून चढवायच्या पांढऱ्या, लिननच्या, पायघोळ अंगरख्याला. हे सारे पोपच्या चर्चमधून उरलेले आहे, शास्त्रात त्याला आधार नाही, असे त्याचे म्हणणे. बिशप उत्तर देत की या गोष्टींत मुळात पापही नाही आणि पुण्यही नाही, म्हणूनच त्यांबाबत राज्यकर्त्याचा हुकूम पाळावा. त्यावर प्युरिटनांचा प्रश्न असे, पापपुण्य नाही तर सक्ती कशासाठी? आमच्या मते दोन्ही बाजू मनापासून बोलत होत्या, आणि म्हणूनच हा वाद शंभर वर्षे मिटला नाही.

२६ मार्च १५६६ रोजी लंडनजवळ लॅम्बेथला काय झाले ते पाहा. आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी लंडनच्या पाद्र्यांना बोलावले होते. रॉबर्ट कोल नावाच्या एका पाद्र्याला नियमाबरहुकूम पोशाख चढवून सर्वांसमोर उभे केले होते: चौकोनी टोपी, लांब झगा, चर्चमध्ये सरप्लिस. असा पोशाख कराल की नाही, एवढाच प्रश्न. वाद घालायचा नाही, लॅटिनमध्ये ‘व्होलो’ म्हणजे मान्य किंवा ‘नोलो’ म्हणजे अमान्य, एवढेच लिहायचे. ६१ जणांनी होकार दिला, ३७ जणांनी नकार. नकार देणारे तिथल्या तिथे निलंबित झाले. तीन महिन्यांत वळले नाहीत तर वृत्ती, म्हणजे पद आणि त्याचे उत्पन्न, जाणार होती. नकार देणाऱ्यांत उत्तम लोक आहेत, हे पार्कर यांनी स्वतःच सरकारला लिहून कळवले होते.

अशी सामूहिक हजेरी मात्र क्वचितच होई. एरवी खटला पॅरिशमधून सुरू होई, आणि तो कसा सुरू होई हे कळल्याशिवाय पुढचे काही कळत नाही.

दर वर्षी ईस्टरच्या आठवड्यात पॅरिशमध्ये साधारणपणे दोन चर्चवॉर्डन निवडले जात. शेतकरी, दुकानदार, कारागीर अशी ही गावातलीच माणसे, पगार नाही, मुदत एका वर्षाची. बिशपच्या हाताखालचा आर्चडीकन वर्षातून एकदा-दोनदा आणि बिशप साधारण दर तीन वर्षांनी तपासणीचा दौरा काढी. आधी छापील प्रश्नावली येई. तुमचा पाद्री सरप्लिस घालतो का? प्रार्थनापुस्तकातली उपासना काही न गाळता म्हणतो का? बाप्तिस्म्यात क्रुसाची खूण करतो का? गुडघे न टेकणाऱ्याला प्रभुभोजन देतो का? वॉर्डनांनी शपथेवर उत्तरे लिहून द्यायची. त्या उत्तरांतच फिर्याद असे आणि तिला प्रेझेंटमेंट म्हणत. काही तक्रार नसेल तर दोन लॅटिन शब्द पुरत: ‘ऑम्निया बेने’, सर्व ठीक.

फिर्याद आली की ॲपॅरिटर नावाचा न्यायालयाचा माणूस समन्स घेऊन जाई. पाद्री सापडला नाही तर समन्स त्याच्या घराच्या किंवा चर्चच्या दाराला लावत. मग ठरल्या दिवशी हजेरी. न्यायालयाच्या वहीत पॅरिशचे नाव, पाद्र्याचे नाव, इंग्रजीत आरोप आणि त्याखाली लॅटिन संक्षेपांत कारवाई असे नोंदले जाई: हजर झाला, कबूल केले, ताकीद दिली, अमुक तारखेला दाखला आणावा. हा दाखला हा साऱ्या प्रक्रियेचा कणा. पाद्र्याने सरप्लिस घालून उपासना चालवली, असे वॉर्डनांच्या सहीचे पत्र पुढच्या बैठकीला दाखल करायचे. ते आले की प्रकरण सोडून दिले जाई. वर्षभर रोज घातला की एका रविवारी चढवून उतरवला, हे त्या पत्रातून कळत नसे. एकाच पाद्र्याचे नाव त्याच आरोपाखाली दोन-तीन वर्षांनी पुन्हा वहीत येते, त्याचे एक कारण हेच.

आता शिक्षांकडे वळू. मराठीत या सगळ्यांना आपण ‘बडतर्फी’ म्हणून मोकळे होतो. शब्द वेगळे ठेवायला हवेत.

निलंबन म्हणजे काही काळ काम बंद. वृत्ती त्याच्याच नावावर राहते. मनाई म्हणजे प्रवचनाचा परवाना थांबवणे. ज्याला स्वतःची वृत्ती नाही अशा सहायक पाद्र्याला किंवा प्रवचनकाराला याचाच खरा फटका. उत्पन्नाची जप्ती म्हणजे दशांश दुसऱ्यांनी गोळा करायचा आणि त्यातून बदली पाद्र्याचा पगार भागवायचा. वृत्तिहरण हे यांतले सर्वांत गंभीर. वृत्ती ही कायद्याने तहहयात मालमत्ता होती, म्हणून ती काढून घेणे म्हणजे घर, जमीन आणि दशांश एकदम जाणे, आणि आश्रयदात्याला त्या जागी दुसरा माणूस सुचवण्याची मोकळीक मिळणे. दीक्षाच्युती याहून निराळी, तिथे पाद्रीपणच काढून घेतले जाते. बहिष्कार तर पाद्री असो की सामान्य माणूस, कोणावरही पडे: चर्चमध्ये प्रवेश नाही, संस्कार नाहीत, मोठा बहिष्कार असेल तर कोर्टात दावाही लावता येत नाही. चाळीस दिवसांत न वळल्यास बिशप सरकारला कळवून शेरीफकरवी तुरुंगात टाकू शके.

बहिष्कार बहुतेकदा मूळ अपराधासाठी पडत नसे. तो पडे तारखेला हजर न राहिल्याबद्दल, न्यायालयाची अवज्ञा म्हणून. वहीत ‘बहिष्कृत’ दिसले की लगेच त्याला धर्मयोद्धा ठरवू नये. समन्स चुकले असेल, प्रवास लांबचा असेल, फी भरायला पैसे नसतील.

१६०४च्या १४१ कॅनन-नियमांनी, म्हणजे चर्चच्या कायद्याने, पायऱ्या ठरवून दिल्या. ३६व्या नियमाने तीन कलमांवर सही मागितली: राजाचे चर्चवरील वर्चस्व, प्रार्थनापुस्तकात देववचनाविरुद्ध काही नाही हे मान्य, आणि ३९ धर्मकलमे मान्य. ३८वा नियम सही करून मागाहून फिरणाऱ्यांसाठी: आधी निलंबन, एक महिन्यात सुधारला नाही तर बहिष्कार, आणखी एक महिन्यात शरण आला नाही तर दीक्षाच्युती. ५८वा नियम सांगतो की सरप्लिस बाह्यांचा आणि नीटनेटका हवा आणि तो पॅरिशच्या खर्चाने घ्यायचा. १२२वा नियम सांगतो की वृत्तिहरणाचा किंवा दीक्षाच्युतीचा निकाल फक्त बिशपनेच द्यायचा, त्याच्या चॅन्सेलरला, म्हणजे बिशपच्या न्यायालयातल्या न्यायाधीशाला, तो अधिकार नाही. ‘रातोरात’ या शब्दाला इथे जागा कुठे उरते?

५८व्या नियमातला ‘पॅरिशच्या खर्चाने’ हा तुकडा दिसतो किरकोळ, पण अनेक खटले त्यावरच अडकले. पाद्री म्हणे, मला पॅरिशने सरप्लिस दिलेलाच नाही. वॉर्डन म्हणत, आणला तरी तो घालणार नाही, मग कशाला आणावा? न्यायालय मग वॉर्डनांना सरप्लिस घेण्याची ताकीद देई, आणि पाद्र्याचे प्रकरण तोवर थांबून राही. कधी सरप्लिस असे, पण फाटका. तो नीटनेटका आहे की नाही, याचा निवाडा पुन्हा बिशपकडे.

वृत्तिहरणावरचा एक खटला बारकाईने पाहण्यासारखा आहे. रॉबर्ट कॉड्री हा रटलंडमधल्या साउथ लफनमचा रेक्टर, म्हणजे पॅरिशचा मुख्य पाद्री. प्रार्थनापुस्तकाविरुद्ध प्रवचन केल्याबद्दल हाय कमिशन या राजाज्ञेने नेमलेल्या चर्चच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याची वृत्ती काढून घेतली. त्याने लौकिक, म्हणजे चर्चबाहेरच्या राजाच्या, कोर्टात दाद मागितली. त्याचा मुद्दा चांगला होता. सर्वत्र एकच प्रार्थनापुस्तक सक्तीचे करणाऱ्या १५५९च्या एकरूपता कायद्यात पहिल्या अपराधाला एक वर्षाचे उत्पन्न आणि सहा महिने तुरुंग एवढीच शिक्षा आहे, वृत्ती जाते ती दुसऱ्या अपराधाला. मग माझी पहिल्याच वेळी कशी गेली? १५९१मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की कायद्यातली शिक्षा लौकिक कोर्टांसाठी आहे, चर्चचा आपला जुना अधिकार त्याने कमी होत नाही, आणि चर्च पहिल्या अपराधालाही वृत्ती काढू शकते. १६०५च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी हाय कमिशनच्या या अधिकाराला पुन्हा दुजोरा दिला, आणि त्या वर्षी वृत्ती गेलेल्यांची कोर्टाची वाट जवळपास बंद झाली. याच कॉड्रीने पुढे १६०४मध्ये अवघड इंग्रजी शब्दांचा कोश छापला, जो पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश मानला जातो. वृत्ती गेल्यावरही तो लिहीत राहिला, हे आम्हांला त्याच्या खटल्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

हाय कमिशनचा धाक होता तो त्याच्या शपथेचा. आरोप काय हे न सांगताच, विचारलेल्या सर्व प्रश्नांची खरी उत्तरे देईन, अशी शपथ आधी घ्यायची. घेतली तर स्वतःविरुद्ध साक्ष, नाकारली तर अवज्ञा. आर्चबिशप व्हिटगिफ्ट यांनी १५८४मध्ये या शपथेवर विचारायचे २४ प्रश्न काढले, तेव्हा राणीचा सर्वांत जवळचा मंत्री बर्ली याने त्यांना लिहिले की स्पेनचे इन्क्विझिटरही आपले सावज पकडायला इतके प्रश्न विचारत नसतील. बर्ली प्युरिटन नव्हता, तरीही त्याला हे अन्यायाचे वाटले. प्युरिटनांचा पुढारी टॉमस कार्टराइट याने १५९०मध्ये ही शपथ नाकारली आणि तो तुरुंगात गेला. ही शपथ हा या व्यवस्थेतला खरा अन्याय होता, असे आम्हांला ठामपणे वाटते. १६४१मध्ये संसदेने हाय कमिशनबरोबर तीही रद्द केली.

आता ‘शेकडो’ या आकड्याविषयी. १६०४-०५मध्ये आर्चबिशप बँक्रॉफ्ट यांच्या मोहिमेत ३०० पाद्री गेले, असा प्युरिटनांचा त्या वेळचा दावा होता. नोंदींतून सिद्ध होणारी वृत्तिहरणे शंभराच्या आतच भरतात, आणि इंग्लंडात पॅरिश होत्या नऊ हजारांहून अधिक. फरक कुठून आला? निलंबित झालेले, परवाना गेलेले, ताकिदीवर सुटलेले, हे सगळे एका यादीत मोजले गेले. उलट बाजूनेही चूक होते: निकाल लागण्याआधी राजीनामा देणारा वृत्तिहरणाच्या यादीत येतच नाही. त्याआधी १५८३-८४मध्ये व्हिटगिफ्ट यांच्या तीन कलमांवर सही करायला तीनशे-चारशे जणांनी नकार दिला होता. त्यातले बहुतेक पुढे अटी घालून केलेल्या सहीवर सुटले, वृत्ती अगदी थोड्यांचीच गेली.

वृत्ती गेली म्हणजे आवाज बंद झाला, असेही नाही. एसेक्समधल्या मॉल्डनचा विकर (पॅरिशचा पाद्री) जॉर्ज गिफर्ड याची वृत्ती १५८४मध्ये गेली. गावाने त्याला प्रवचनकार म्हणून ठेवून घेतले. प्रवचनकाराचा पगार गावकऱ्यांच्या किंवा नगरपालिकेच्या पैशांतून, दशांशाशी त्याचा संबंध नाही, म्हणून न्यायालयाला जप्त करायला काही सापडत नसे. शिवाय उपासना सरप्लिस घातलेला सहायक चालवी आणि प्रवचनकार काळ्या झग्यात नंतर व्यासपीठावर चढे. ही फट बुजवण्यासाठी ५६व्या कॅननने अशा प्रवचनकारांना वर्षातून निदान दोनदा स्वतः उपासना चालवायला आणि संस्कार द्यायला लावले. १६२९मध्ये राजाने आणखी पुढे जाऊन प्रवचनाआधी सरप्लिस आणि हूड (पदवीधराचे खांद्यावरचे वस्त्र) घालून उपासना वाचण्याचा हुकूम काढला.

आर्थर हिल्डर्शॅमचा जीवनक्रम पाहिला तर ‘हाकलले’ हा शब्द किती तोकडा आहे ते दिसते. १५९३मध्ये ॲशबी-डि-ला-झूशचा विकर. १६०५मध्ये वृत्ती गेली. पुढे प्रवचनाची परवानगी मिळाली, मग पुन्हा मनाई. १६१६मध्ये हाय कमिशनने २,००० पौंडांचा दंड केला. १६२५मध्ये पुन्हा परवाना. १६३०मध्ये सरप्लिसवरून पुन्हा बंदी, पुढच्या वर्षी ती उठली, आणि १६३२मध्ये मृत्यू. जवळपास चाळीस वर्षांत चर्चने त्याला पूर्ण बाहेर ढकललेही नाही आणि निवांत राहूही दिले नाही.

बिशप कोण, यावर बरेच अवलंबून असे. लिंकनशरमधल्या बॉस्टनला जॉन कॉटन १६१२पासून विकर होता. विधी टाळत असूनही वीसएक वर्षे टिकला, कारण बिशप जॉन विल्यम्स दुर्लक्ष करत आणि गावातली वजनदार माणसे पाठीशी होती. हाय कमिशनचे बोलावणे आल्यावर तो लपला आणि १६३३मध्ये न्यू इंग्लंडला गेला. लंडनचे बिशप विल्यम लॉड यांच्या हद्दीत असे चालत नसे. चेम्सफर्डचा प्रवचनकार टॉमस हूकर याच्या बाजूने १६२९मध्ये एसेक्सच्या ४९ पाद्र्यांनी सह्या केल्या. आठवड्याभरात ४१ पाद्र्यांनी उलटा अर्ज केला की नियम सर्वांना सारखे लावा. या ४१ जणांची आठवण सहसा कोणी काढत नाही. त्यांना विसरले की हा झगडा नुसता बिशप विरुद्ध गाव असा दिसू लागतो, आणि शेजारच्या पाद्र्यानेच पाद्र्याची तक्रार केली हे दिसत नाही.

हेच लॉड पुढे आर्चबिशप झाले, आणि त्यांच्या काळात वॉर्डनही कात्रीत सापडले. सरप्लिस घातला की नाही यावर खोटे लिहिता येई. प्रभुभोजनाचे मेज पूर्वेच्या भिंतीला लावले की नाही आणि त्याभोवती कठडा आहे की नाही, हे तपासनीसाला उघड्या डोळ्यांनी दिसे. सॉमरसेटमधल्या बेकिंग्टनच्या वॉर्डनांनी मेज हलवायला नकार दिला, तर त्यांच्यावरच बहिष्कार पडला आणि ते तुरुंगात गेले. तोवर ‘सर्व ठीक’ लिहून आपल्या पाद्र्याला वाचवणारी हीच माणसे होती.

लेखाचा पुढचा भाग १६६२वर येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. कृपया एवढे पाहावे की त्या वर्षीची हकिगत या खटल्यांच्या मालिकेत जोडली जाऊ नये. तिथे समन्स नव्हते, ताकीद नव्हती, दाखला नव्हता. नव्या एकरूपता कायद्याने २४ ऑगस्ट, सेंट बार्थोलोम्यूचा दिवस, ही तारीख ठरवली; तोवर नव्या प्रार्थनापुस्तकाला जाहीर संमती न देणाऱ्याची वृत्ती आपोआप गेली. १६६०पासून बाहेर पडलेल्यांसह हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. दशांशाचा मोठा वाटा २९ सप्टेंबरच्या मायकेलमसला हाती येई. पाच आठवडे आधी गेलेल्या पाद्र्याला वर्षभराच्या कामाचा तो पैसाही मिळाला नाही. पुढच्या भागात ही तारीख अवश्य छापावी.

आपले,
इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांच्या इतिहासाचे दोन अभ्यासक